मार्शल आर्ट्स चित्रपटाच्या पटकथेत फाइट किती लिहायची?

कागदी_तलवार

मार्शल आर्ट्सवर पूर्ण लांबीची पटकथा लिहितेय. दुसरा ड्राफ्ट १०४ पानांचा आहे आणि त्यात सात फाइट आहेत. अडलंय ते सीन ५८ ला. नायिका आखूड सुरी घेऊन धान्याच्या कोठारात शिरते, पलीकडच्या दारातून तिला निसटायचं असतं आणि वाटेत भालेवाला उभा असतो. सीन ४१ मध्ये तिचा डावा खांदा निखळलेला आहे. सध्या ही फाइट चार पानांची आहे आणि साधारण अशी जाते:

"तो छातीवर भाल्याचा वार करतो. ती उजवीकडे वळते. तो पुन्हा वार करतो. ती खाली वाकून त्याच्या पायावर लाथ मारते. तो उडी मारून लाथ चुकवतो. ती गिरकी घेते, सुरी त्याच्या कानाजवळून जाते..."

ज्यांनी वाचलं ते सगळे इथे पानं उलटतात. दुसरीकडे सल्ला मिळतो की "ते लढतात" एवढंच लिहा, बाकीचं फाइट मास्टर बघेल. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. फाइट किती तपशिलात लिहायची? एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब फाइटला कसा लावायचा? आणि मधला प्रशिक्षणाचा भाग बारा पानांचा झालाय, तो ठेवावा की कापावा?

तिसरी_रीळ

वार-प्रतिवार लिहू नका, पण "ते लढतात" एवढ्यावरही थांबू नका. हात-पाय कसे चालतील हे अ‍ॅक्शन डायरेक्टरचं काम आहे. नट कोण, त्याला काय जमतं, मजला कसा आहे, कॅमेरा कुठे बसतो हे कळल्याशिवाय ते ठरतच नाही. तुमची गिरकी शूटिंगच्या आठवडाभर आधी गळणार आहे. न गळणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात: दोघांना जिंकण्यापलीकडे काय हवंय, सुरुवातीला कुणाचं पारडं जड आहे आणि का, ते कुठे फिरतं, आणि शेवटी नेमक्या कोणत्या कारणाने निकाल लागतो. ही कारणं पटकथेत नसतील तर कुणीच ती नंतर आणून बसवत नाही. मग फाइट कितीही चांगली बसवली तरी "नायिका आहे म्हणून जिंकली" असं वाटतं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' (१९६७). पटकथा नी क्वांग आणि दिग्दर्शक चांग चेह यांची. खलनायकाकडे तलवार चिमट्यात पकडणारं एक हत्यार आहे. ते गुरूच्या घराण्याच्या तलवारबाजीवर तोड म्हणूनच बनवलंय, त्यामुळे त्या घराण्याचे शिष्य एकेक करून मारले जातात. नायकाचा उजवा हात गेलेला. त्याच्या हाती लागलेली विद्येची पोथी अर्धी जळालेली, उरलाय तो डाव्या हाताचा भाग. तलवार आहे ती वडिलांची, मोडकी, म्हणून आखूड. आणि आखूड असल्यामुळेच ती त्या चिमट्यात सापडत नाही. तुटलेला हात, जळकी पोथी, मोडकी तलवार या तिन्ही गोष्टी कथेतूनच आल्या आहेत आणि शेवटच्या फाइटचा निकाल त्याच लावतात. पटकथाकाराचं काम ते हेच. त्यात एकही गिरकी लिहावी लागत नाही.

तुमच्याकडेही साहित्य तयार आहे: लांब हत्यार विरुद्ध आखूड, दुखरा खांदा, अरुंद जागा. त्यावर मी सीन असा लिहीन:

*सीन ५८. आत. धान्याचं कोठार. रात्र.*

*दोन्ही बाजूंना छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या. मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. टोकाला बंद दार.*

*दारापुढे भालेवाला. भाल्याने अर्धी वाट अडवलेली.*

*ती पुढे सरकते. टोक तिच्या गळ्याशी येऊन थांबतं. ती मागे. पुन्हा पुढे, पुन्हा टोक. त्याने अजून पाऊलही हलवलेलं नाही.*

*तोल सावरताना ती डावा हात वर नेते. हात अर्ध्यातच थांबतो. त्याच्या ते लक्षात येतं. आता प्रत्येक वार डाव्या बाजूला.*

*एक वार हुकून पोत्यात घुसतो. टोक ओढून काढायला त्याला क्षणभर लागतो. आता तिच्या लक्षात येतं.*

*ती पोत्यांना पाठ लावते आणि डावी बाजू मुद्दाम उघडी ठेवते.*

*तो वार करतो. टोक तिची बाही आणि कातडी फाडून पोत्यात रुततं. ती दांडा डाव्या काखेत दाबून धरते. कळ डोळ्यांत उतरते. ती सोडत नाही.*

*दांड्याच्या आधाराने ती त्याच्यापर्यंत पोचते. सुरीचा एकच वार, मनगटावर.*

*फाटक्या पोत्यातलं धान्य सांडतंय. ती एका हाताने दार उघडते.*

हे पाऊण पान होतं. पारडं तीनदा फिरतं आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी काहीतरी दिसल्यामुळे फिरतं. वाचणाऱ्याने पान उलटू नये असं वाटत असेल तर दर दोन-तीन ओळींनी अशी एक गोष्ट हवी.

लाठीवाला

वरचा सीन चांगला आहे, पण भाला जाणणारा माणूस एका ठिकाणी हटकून अडेल. पात्राच्या निवडीबद्दल आधी बोलतो. अरुंद वाट भालेवाल्याच्या तोट्याची असते असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर भाल्याचं मुख्य काम सरळ खुपसणं, आणि त्याला बाजूची जागा लागतच नाही. जागा लागते ती फिरवायला, दांड्याने झोडपायला. म्हणजे त्याने ही जागा निवडली यात त्याची हुशारी दिसते. समोरच्याला बाजूला होता येत नाही, फक्त मागे जाता येतं. ही गोष्ट पात्राच्या बाजूची आहे, ती जपा. त्याचं खरं संकट टोक चुकवून कुणी आत शिरलं की सुरू होतं, कारण तिथून पुढे हातात दोन मीटरहून लांब काठीच उरते.

अडतं ते इथे. दांडा धरला गेला की प्रशिक्षित माणूस भाला मागे खेचतो, किंवा मागे सरकत पकड आखूड करतो. तुमचा भालेवाला दोन्हीपैकी काहीच करत नाही. तो मूर्ख वाटू नये यासाठी त्याला मागे जाता न येण्याचं कारण द्या. ते कारण सीनमध्येच आहे: त्याच्या मागचं बंद दार. सुरुवातीला त्यानेच दाराला अडसर लावलेला दाखवा, आणि दांडा अडकल्यावर ही ओळ घाला:

*तो भाला मागे खेचतो. दांड्याचं बूड दारावर आपटतं. मागे जागा नाही.*

तिची वाट बंद करायला घातलेला अडसर त्यालाच नडतो. कागदावर एक ओळ वाढते, पण भालेवाला शेवटपर्यंत समर्थ राहतो. समोरचा समर्थ असेल तरच तिच्या जिंकण्याला वजन येतं.

आता खांदा. डावी काख वापरायची कल्पना शरीराच्या हिशेबाने बरोबर बसते. निखळून परत बसवलेला खांदा सगळ्यात जास्त घाबरतो तो हात बाजूला वर जाऊन मागे वळला की. हात अंगाशी घट्ट दाबणं त्याला त्यामानाने झेपतं. म्हणून "हात अर्ध्यातच थांबतो" आणि "काखेत दाबते" या दोन्ही ओळी एकाच दुखापतीतून खऱ्या ठरतात. मात्र सीन ४१ आणि ५८ मध्ये किती दिवस आहेत ते तपासा. अशा खांद्याला काही आठवडे जपावं लागतं. त्यानंतरच्या सीनमध्ये ती दोराला लटकून भिंत चढत असेल तर प्रेक्षक नक्की ओरडतील. तेवढे दिवस कथेत मिळत नसतील तर ४१ मध्ये खांदा निखळवण्याऐवजी जबर मार बसलेला दाखवा.

प्रशिक्षणाच्या बारा पानांचं उत्तर पानं मोजून मिळणार नाही. 'द ३६थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) हाही नी क्वांगच्याच पटकथेवरचा, दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग. त्यात चित्रपटाचा मोठा मधला भाग निव्वळ प्रशिक्षणात जातो आणि तरी तो लांबलेला वाटत नाही. कारण तिथे मठातलं प्रशिक्षणाचं प्रत्येक दालन हे एक कोडं आहे. पाण्याच्या बादल्या हात पसरून वाहून न्यायच्या, आणि दंडांना पाती बांधलेली. हात खाली आला की पातं आपल्याच अंगात घुसणार. खूप सराव केला असं कुणी बोलून सांगायची गरजच उरत नाही. अडचण दिसते, आधी फजिती दिसते, मग मार्ग सापडतो. पुढे नायक दुहेरी तलवारीवाल्या वरिष्ठाकडून हरतो आणि त्यावर उपाय म्हणून तीन तुकड्यांची साखळीजोड काठी शोधून काढतो. शिकणं संपून नवं घडवणं सुरू होतं ते त्या जागी.

तुमच्या बारा पानांना एक परीक्षा लावा. त्यातल्या व्यायामांचा क्रम उलटसुलट केला तर काही बिघडतं का? बिघडत नसेल तर ती मोंताज आहे, म्हणजे तुकडे जोडून पटकन दाखवायची मालिका, एका पानात आटपा. बिघडत असेल, म्हणजे दुसरा धडा पहिल्याशिवाय जमतच नसेल, तर बारा पानं ठेवा. दुसरी परीक्षा अशी की प्रत्येक धड्याचं देणं पुढच्या एका तरी फाइटमध्ये फिटलं पाहिजे. कोठारात ती दुखऱ्या हाताने दांडा धरून ठेवते, तर दुखत असताना पकड न सोडण्याचा धडा आधी कुठेतरी असायला हवा, आणि तिथे तिने एकदा पकड सोडलेली असायला हवी.

म्हणूनच "एकही हालचाल लिहू नका" हे मला सरसकट मान्य नाही. कथेचा निकाल ज्या हालचालीवर लागतो ती नेमकी लिहायलाच हवी. ती आधी शिकताना दिसावी, मग ऐन वेळी फसावी आणि तिसऱ्यांदा साधावी. अशा हालचाली पूर्ण चित्रपटात दोन-तीन पुरे.

संकलक

वेळेच्या हिशेबाबद्दल.

पानाला मिनिट हा अंदाज ठरावीक मांडणीवर, बारा पॉइंटच्या टंकलेखनी फॉन्टवर बेतलेला आहे आणि तोही पूर्ण पटकथेच्या सरासरीवर. एकेका सीनला तो लागत नाही. फाइटला तर दोन्ही दिशांनी चुकतो. "ते लढतात" ही एक ओळ पडद्यावर चार मिनिटं खाऊ शकते, आणि तुमची चार पानं नव्वद सेकंदांत संपू शकतात, कारण एक वार आणि त्याचा बचाव सेकंदभरात होतो.

उपाय दोन. पहिला मांडणीचा: प्रत्येक बीट, म्हणजे सीनमधला एकेक छोटा टप्पा, स्वतंत्र परिच्छेदात, एक ते तीन ओळी, मधे मोकळी ओळ. वर 'तिसरी_रीळ' यांनी तसंच केलंय. पान उभं भरतं, वाचणाऱ्याचा डोळा पडद्याच्या गतीने खाली जातो आणि पानांचा अंदाजही वेळेच्या जवळ येतो. दुसरा घड्याळाचा: प्रत्येक बीट डोळ्यांसमोर आणून, थांबे आणि नजरा धरून, स्टॉपवॉच लावा. कोठाराचा हा सीन पावणेदोन ते अडीच मिनिटांत बसेल. सुरुवातीचं पुढे-मागे दिग्दर्शक ताणेल, शेवट पटकन होईल.

साती फाइटची अशी वेळ काढून बेरीज करा. ती पंचवीस मिनिटांच्या पुढे गेली आणि पानांवर मात्र दहाच पानं भरत असतील, तर तुमचा १०४ पानांचा चित्रपट प्रत्यक्षात दोन तासांना टेकलाय.

सोबत एक तक्ता ठेवा. पटकथेत घालायचा नाही, वेगळा. दर फाइटला एक ओळ: जागा, समोर कोण, हत्यार, नायिकेला काय हवंय, आधीची कोणती दुखापत घेऊन ती आत येते, कोणती नवी घेऊन बाहेर पडते, अंदाजे वेळ, आणि आधीच्या एकाही फाइटमध्ये नसलेली एक गोष्ट. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती फाइट बहुधा गाळता येते. सातमध्ये एक तरी अशी निघेलच.

एका ओळीने शूटिंगवर काय भार पडतो तेही पाहा. "टोक बाही आणि कातडी फाडून" म्हणजे तोच पोशाख तीन अवस्थांत लागणार: धड, फाटका, फाटका आणि रक्ताळलेला. नटीसाठी आणि तिच्या जागी धोक्याची कामं करणाऱ्या डबलसाठी वेगळे, वर रीटेकसाठी जादा. फाटणं सीनच्या शेवटाकडे आहे ते चांगलं. पहिल्याच वाराला फाटलं असतं तर पुढचा प्रत्येक शॉट त्या फाटीशी जुळवत बसावं लागलं असतं. धान्याचंही तसंच आहे. सांडलेलं धान्य दर रीटेकला झाडून पोतं नव्याने भरावं लागतं, शिवाय त्यावर पाय घसरतो. आत्ता ते निकाल लागल्यावर सांडतंय, तेच ठेवा. पहिला वार पोत्यात घुसतो तिथे धान्य सांडल्याचं लिहू नका, नाहीतर सगळी फाइट त्यावरच करावी लागेल.

कागदी_तलवार

अडसराची कल्पना फार चांगली आहे, घेतेय. आणखी दोन शंका. शैलीचं नाव पटकथेत लिहायचं का? आणि "ते लढतात" एवढंच लिहून हाँगकाँगला इतके चित्रपट झाले म्हणतात, मग तिथे ते कसं चाललं?

तिसरी_रीळ

हाँगकाँगचं आधी. शॉ ब्रदर्स या तिथल्या चित्रपट कंपनीचा क्लियरवॉटर बे इथे स्वतःचा मोठा स्टुडिओ होता. कायमचे सेट, करारावरचे नट, आणि चांग चेहच्या चित्रपटांना लाउ कार-ल्युंग आणि टोंग गाय यांच्यासारखे अ‍ॅक्शन डायरेक्टर. लिहिणाऱ्याला माहीत असायचं की हा सीन कुठल्या अंगणात होणार, कोण लढणार आणि फाइट कोण बसवणार. कागदावर जे नसायचं ते सगळ्यांच्या डोक्यात असायचं. नी क्वांगने शेकडो पटकथा लिहिल्या त्या याच व्यवस्थेत. शिवाय त्या काळात तिथले चित्रपट बहुतेक आवाजाविना शूट व्हायचे आणि संवाद नंतर डब व्हायचे, त्यामुळे फाइटमध्ये काही बदललं तर संवाद मागाहून जुळवता यायचा. तुमची पटकथा अनोळखी निर्मात्याच्या टेबलावर जाणार आहे. त्याच्याकडे फक्त कागद असेल.

लाइव्ह साउंडवर, म्हणजे शूटिंगच्या वेळीच आवाज घेऊन, शूट होणार असेल तर फाइटमधला संवाद चार-पाच शब्दांचा ठेवा आणि तो थांब्यांवरच घाला, जिथे दोघं एकमेकांपासून सुटतात तिथे. मोठं वाक्य असलं की नटाचा दम वाक्यात जातो, आणि लढताना दम लागलेला माणूस लांब बोलत नाही हे प्रेक्षकालाही ठाऊक असतं.

लाठीवाला

शैलीचं नाव लिहा, पण त्या शैलीने कथेत काही घडत असेल तरच. ज्युडो लिहिलंत तर पकड कपड्यावर असते. समोरचा उघड्या अंगाचा, घामाने निथळणारा असेल तर ज्युडोवाल्याचं अर्धं बळ गेलं. ही झाली कथा. ब्राझिलियन जिउ-जित्सूवाला एकास एक जमिनीवर भारी, पण चौघं चालून आले तर जमिनीवर जाणं त्याला महागात पडतं. विंग चुन ही चिनी शैली अगदी जवळून चालते, त्यामुळे लांब लाथांच्या माणसासमोर पहिला प्रश्न आत शिरायचा कसा हाच. अशा ओळी लिहा. नुसतं "तो विंग चुनने लढतो" लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही.

एकास अनेक फाइट असेल तर बाकीचे ताटकळत का उभे आहेत याचं उत्तर जागेने द्या. दाराची चौकट, जिना, बोळ. 'द रेड' (२०११) मध्ये इमारतीचे अरुंद कॉरिडॉर हेच काम करतात. मोकळ्या मैदानात दहा जणांनी पाळीपाळीने यायचं असं लिहिलंत तर कुठलाच फाइट मास्टर तो सीन वाचवू शकत नाही.

संकलक

एक राहिलं. फाइट बसवणारी मंडळी हल्ली आधी स्वतःच साध्या कॅमेऱ्यावर पूर्ण फाइट शूट आणि एडिट करून दाखवतात, म्हणजे प्रीव्हिज. ते हातात आलं की पटकथा पुन्हा उघडावी लागते. त्यातल्या हालचाली पटकथेत उतरवत बसू नका, बदललेले परिणाम तेवढे उतरवा: कोण कुठे जखमी झालं, काय मोडलं, कोणती वस्तू कुणाच्या हातात राहिली. मग पुढचे सीन त्याप्रमाणे तपासा. समजा, अ‍ॅक्शन डायरेक्टरने सुरी भालेवाल्याच्या मनगटाऐवजी दंडात रुतवली आणि ती तिथेच राहिली. मग पुढच्या सीनमध्ये सुरी नायिकेच्या कमरेला दिसता कामा नये, आणि नंतर कुठे ती सुरीने काही कापत असेल तर ही दुसरी सुरी तिला कुठे मिळाली ते त्याआधीच्या एखाद्या सीनमध्ये घालावं लागेल.